पिवळीच्या पोटातली काळी

बुधवार, ४ ऑक्टोबर

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. निरोप, लिहिणं-बोलणं बुधवारी करावं असं तूच गिऱ्हाइकांना सांगायचीस, तेव्हा निदान वार तरी बरोबर साधलाय मी. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. मी तिच्या पायरीवर बूड टेकून बसलो ते उठेचना, मग कंटाळून दिला बिचारीने.

दुकान छान चाललंय. म्हणजे उघडं आहे. तू गेल्यावर महिनाभर कुलूप होतं, पण लोक दार वाजवून जायचे आणि माझी नोकरी तर तुला माहीतच आहे, कुठे टिकते? म्हटलं मेण आहे, साचे आहेत, वाती आहेत, रंगांच्या बरण्यांवर तुझ्या अक्षरात वार लिहिलेत. मेणबत्ती करायला काय अक्कल लागते? (हे वाचून तू पत्र खाली ठेवलंस ना? उचल परत.)

आता कामाचं. सोमवारची पांढरी, झोपेसाठी आणि प्रवासासाठी, हे पाठ आहे. मंगळवारची लाल, धीर यायला. तिच्यात मिरी कुटून घालायची की अख्खी? गुरुवारची निळी की जांभळी? बरणीवरचा डाग पडून ते अक्षर गेलंय. आणि बुधवारच्या हिरवीखाली तू काहीतरी ठेवायचीस, ते काय? मी सध्या काहीच ठेवत नाही. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही म्हणा.

शुक्रवारच्या गुलाबी हातोहात जातात. प्रेमाला मरण नाही. शनिवारच्या काळ्या मात्र तू केल्यास तशाच ढीगभर पडून आहेत. संपवायला, सोडायला कुणाकडे काही नसतं वाटतं. त्यांचं काय करायचं ते मी बघतो, डोकं चालवलंय.

हो, काल समोरची शिंपीणकाकू आली होती. शिंपीकाकांचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, पोटात कळा येतात, खाल्लेलं पोटात ठरत नाही. रविवारची पिवळी दिली तिला, तब्येतीची. म्हटलं, पिवळ्याला पिवळी! तीसुद्धा हसली. डॉक्टरकडे जायला सांगितलं हं मी, तू सांगायचीस तसंच.

उत्तर पाठव. निदान मिरीचं तरी.

तुझा,
ठोंब्या

सोमवार, ९ ऑक्टोबर

ताई,

घाईत लिहितोय. मेण जुनं झालं की पिवळ्याचं काळं पडतं का? असं काही असतं का? असेल तर लगेच कळव, म्हणजे मला लोकांना सांगता येईल.

नसणारच. मला माहितीये.

काल दुपारी काकूने ती मेणबत्ती लावली. बरोबर बाराला, सूर्य डोक्यावर असताना, जसं तू सांगायचीस. शिंपीकाका कॉटवर पडलेले, उशाशी स्टूल, स्टुलावर पिवळी. थोडा वेळ ठीक जळली. मग म्हणे पिवळ्या मेणाखालून पांढरं आलं आणि पांढऱ्याखालून काळं. काळंकुट्ट मेण ओघळून स्टुलावरून काकांच्या चादरीवर. शनिवारचं काळं, ताई! संपवायचं. आजारी माणसाच्या उशाला.

काकूने किंकाळी फोडली ती मी इथे दुकानात ऐकली. बाहेर जाऊन बघतो तर ती अनवाणी रस्त्यात, रिक्षा थांबवतेय, आणि शेजारचा इस्त्रीवाला काकांना खांद्यावर घेऊन जिना उतरतोय. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मी शटर खाली ओढलं आणि आत मागच्या खोलीत जाऊन बसलो. मदतीला गेलो नाही.

आता कसं झालं ते. तू रंग पातेल्यात मिसळून, ज्या वारी ती मेणबत्ती त्याच वारी करायचीस, आठवडाभर रोज वेगळं पातेलं. कोण करतं एवढी मरमर? मी सगळ्या एकाच दिवशी पांढऱ्या करतो आणि वरून रंगात बुडवतो. आणि त्या काळ्या पडून होत्या. टाकून कशा द्यायच्या? आधी पांढऱ्या मेणात बुडवल्या, काळं झाकेपर्यंत, मग पिवळ्यात. इतक्या सुबक झाल्या की मी स्वतःवरच खूश होतो. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे शाळेत फळ्यावर लिहून घेतलं होतं माझ्याकडून. अक्षर सुधारलं, अक्कल तिथेच.

आणि डॉक्टरचंही खोटं लिहिलं होतं मी. सांगितलं नव्हतं. तीच म्हणाली होती, "अरे, डॉक्टरकडे नेऊ का आधी? तुझी ताई तर चिठ्ठी दाखवल्याशिवाय पिवळी हातात द्यायची नाही." आणि मी म्हणालो, "काकू, रविवार तर होऊ दे." रुबाबात म्हणालो. तू नव्हतीस ना, म्हणून जास्तच रुबाबात.

शिंपीकाका जगतील ना गं?

ठोंब्या

बुधवार, ११ ऑक्टोबर

ताई,

जगलेत. आत्तापुरते तरी. इस्पितळात आहेत, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय. डॉक्टर काकूला म्हणाले, अजून दोन-तीन दिवस घरी ठेवलं असतं तर हाताबाहेर गेलं असतं.

हे वाचून तुला बरं वाटलं असेल. मलाही वाटलं होतं, तासभर. मग काल सकाळी काकू दुकानात आली. मी काउंटरखाली काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. म्हटलं, आता चप्पल निघणार. निघावीच. तर तिने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले.

"तुझ्या ताईने तोंडाने सांगितलं असतं, तू मेणाने सांगितलंस," म्हणाली. "काळं वाहिलं नसतं तर मी पुढच्या रविवारची वाट बघत बसले असते रे. तूच वाचवलंस त्यांना."

आणि ढसाढसा रडली. ताई, माझे हात तिच्या हातात होते आणि मी म्हणालो काय, माहितीये? म्हणालो, "मी कोण वाचवणारा, काकू." असं नम्रपणे. संतासारखं. हे खोटंसुद्धा नव्हतं, म्हणून जास्त घाण वाटतंय.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. आता दुकानात पाय ठेवायला जागा नाही. कुणाला रंग नको, कुणाला वार नको, सगळ्यांना "आतून सांगणारी" हवी. पोटात काय निघतं ते बघायचंय त्यांना. पोस्टातल्या बाईने मुलाच्या परीक्षेसाठी हिरवी नेली, आतून लाल निघाली, लाल म्हणजे तिच्या मते भांडण, म्हणून तिने मुलाला परीक्षेलाच बसू दिलं नाही. कोपऱ्यावरचा चष्मेवाला रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. त्याची आतून पांढरी निघाली, म्हणजे म्हणे शांत झालंय सगळं, गोळ्या बंद केल्या. मी बघत होतो त्याच्याकडे. "अहो, गोळ्या घ्या," म्हटलं तर डोळा मारून म्हणाला, "तुम्ही असंच म्हणणार, लोकांसमोर."

सगळ्यांच्या पोटात काहीतरी निघतंच ना, ताई. माझ्याकडे जे उरलंसुरलं होतं ते सगळं मी बुडवलंय. जुन्या गुलाबी, तुटक्या लाल, तडकलेल्या पांढऱ्या. वाया जाऊ दिलं नाही काही.

आठवतं ना, तो घड्याळजी आईला घेऊन आपल्याकडे लग्नाची बोलणी करायला आला होता, तेव्हा मी काय म्हणालो? "सांभाळा हं, आमची ताई चेटकीण आहे, बुधवारी तोंड बंद करते आणि शनिवारी माणूस." सगळे हसतील असं वाटलं होतं मला. त्याच्या आईने कप खाली ठेवला. तू आत निघून गेलीस आणि आठवड्याभरात घरही सोडलंस. आता त्याच दुकानात मी बसलोय, लोक माझ्या पाया पडायला येतायत, आणि तुला जे म्हणालो ते मला कुणीच म्हणत नाही. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. माझी मनाची आत्ता आत्ता जागी होतेय, आणि मेली झोपूच देत नाही.

उत्तर नको देऊस. मी तरी काय तोंडाने मागू.

ठोंब्या

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

ताई,

आता उत्तर हवंच आहे. फोन कर. मला नको, काकूला कर. तुझं ती ऐकेल.

डॉक्टर सोमवारी ऑपरेशन करायचं म्हणतायत. खडा काढायलाच हवा, नाहीतर विष अंगात पसरेल असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. काकूची सही हवी आहे. काका अर्धे ग्लानीत असतात, मुलगा जहाजावर, म्हणजे सगळं तिच्यावर. आणि ती सही करत नाहीये. आज माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला रविवारसाठी एक पिवळी दे. ती सांगेल तसं करते."

मला आधी हायसं वाटलं. कारण तुझी एक खरी पिवळी अजून आहे. मागच्या खोलीतल्या कपाटात, फडक्यात गुंडाळलेली, तू स्वतःसाठी ठेवली होतीस ती. मी तिला हात लावला नव्हता. एवढी एक गोष्ट तरी केली नव्हती. म्हटलं, तीच देऊ. खाली जळेपर्यंत पिवळीच राहील, काकू खूश होऊन सही करेल, आणि हे खोटं निदान चांगल्या कामाला येईल.

म्हणून विचारलं, "पिवळीच निघाली तर काय, काकू?"

"पिवळीच निघाली तर बरे होतायत ना ते," म्हणाली. "मग पोट कशाला फाडायचं? घरी आणेन."

"आणि काळी?"

"काळी निघाली तर फाडूनही काय उपयोग? मरायचंच असेल तर घरी तरी मरतील, माझ्या हातचं पाणी पिऊन."

ऐकलंस? दोन्हीकडून ऑपरेशन नाहीच. पिवळी दिली तरी काका जातात, काळी दिली तरी जातात, आणि मेणबत्ती माझ्या दुकानातली. मी म्हटलं, "काकू, डॉक्टरांचं ऐक." तर गालावर हात फिरवून म्हणाली, "तू मेण दे, बाकी मी बघते."

मी उद्या ये म्हणून सांगितलं तिला. देईन म्हणालो. ताई, तुला आयुष्यभर हेच करावं लागलं का, लोकांना मेणबत्तीही द्यायची आणि तिच्यापासून वाचवायचंही? आणि मला वाटायचं तू रंग कालवत बसतेस.

फोन कर. तिचा नंबर खाली लिहितोय. प्लीज.

ठोंब्या

रविवार, २२ ऑक्टोबर

ताई,

तुझा फोन तिला आला नाही. बहुधा तोवर पत्रच पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि तू फोडलं नसशील. तो तुझा हक्क आहे. फोन आला असता तर मी पुन्हा तुझ्या पदराआड लपलो असतो, हेही खरं.

त्या शनिवारी, चौदाला, काय झालं ते सांगतो. संपवायचं काम शनिवारी करावं. वार पुन्हा बरोबर साधला बघ.

दुकान भरलेलं होतं. पोस्टातली बाई होती, चष्मेवाला, इस्त्रीवाला, सगळी गल्ली. काकू आली तशी मी मेणबत्त्यांचे सगळे खोके काउंटरवर पालथे केले. सुरी गॅसवर तापवली आणि एक पिवळी मधोमध कापली. पिवळा, पांढरा, काळा. तिच्यासमोर धरली.

"बघ काकू. ही मी काळी असताना पिवळी केली. खपत नव्हत्या म्हणून. सगळ्या अशाच आहेत."

"म्हणजे आतून सांगते ती..."

"काही सांगत नाही. संकेत नाही हा, काकू, चिकटपणा आहे माझा."

तिला पटेना. "किती नम्र पोर आहे बघा," असं ती इस्त्रीवाल्याला म्हणाली! मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मग मी कापतच सुटलो. हिरवीच्या आत लाल, गुलाबीच्या आत तडकलेली पांढरी, निळीच्या आत दोन तुकडे जोडलेले. पोस्टातल्या बाईचा चेहरा मी बघत होतो. तिच्या मुलाचं वर्ष गेलं, ताई. तिने पर्स उघडून नुसती बंद केली आणि निघून गेली. चष्मेवाल्याने शिव्या दिल्या, अगदी मनापासून. मी म्हटलं, "द्या, पण आधी गोळी घ्या," आणि त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याने ग्लासातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. पण गोळी घेतली असावी. दोन दिवसांनी त्याची बायको मला बघून थुंकली, म्हणजे घरी सांगितलं असेल, आणि ती त्याला गोळी चुकू देणार नाही.

काकू मात्र हलली नव्हती. ती ते काळं मेण बोटाने खरवडत होती. मग तिने हळूच विचारलं, "मग तुझ्या ताईच्या? त्याही अशाच होत्या?"

ताई, हे मला तुला सांगायलाच हवं. क्षणभर माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. तुझ्यात आणि माझ्यात शरम अर्धी-अर्धी वाटून गेली असती. एवढा मोठा निघालोय तुझा भाऊ. पण मी आत गेलो, कपाटातलं फडकं आणलं आणि तुझी पिवळी सगळ्यांसमोर कापली.

आरपार पिवळी. वातीपर्यंत. आणि संत्र्याच्या सालीचा वास आला, इतक्या महिन्यांनीसुद्धा. इस्त्रीवाल्याने अर्धा तुकडा उचलून नाकाशी धरला आणि जपून खाली ठेवला.

"तिच्या पोटात काही नव्हतं रे," काकू म्हणाली. "आधी डॉक्टरची चिठ्ठी दाखव म्हणायची, तर मी तिच्यावर चिडायचे. म्हणायचे, दुकानदारीण असून गिऱ्हाईक परत पाठवते. आणि तिला चेटकीण म्हणालास तू."

"हो," म्हटलं.

"गल्लीला सांगितलंस?"

"सांगायची गरज नव्हती. गल्लीने ऐकलं होतं."

तिने माझ्या थोबाडीत मारली. फार जोरात नाही. शिवणकाम करून हात दुखतात तिचे. मग इस्त्रीवाल्याला म्हणाली, "चल, मला इस्पितळात सोड. सही करायची आहे."

सोमवारी ऑपरेशन झालं. खडा निघाला. काका आता बरे आहेत, भाताची पेज पितात आणि नर्सच्या गणवेशाच्या शिलाईला नावं ठेवतात. डोळे अजून पिवळट आहेत, पण ते उतरेल म्हणतायत.

दुकानाच्या शटरवर कुणीतरी मोठ्ठ्या अक्षरात "ठक" लिहून गेलंय. मी पुसलं नाही. तू आलीस तर पुस. मेण सगळं एकत्र वितळवलं; सात रंगांचा मिळून चिखलाचा रंग होतो, हे कुणी सांगितलं नव्हतं मला. साचे घासून ठेवलेत, पातेली वारांप्रमाणे लावलीत, बरणीवरचा गुरुवार अजून कोरा आहे. वरची खोली मी रिकामी केली. शाळेमागच्या गल्लीत एक खोली मिळालीय, तिथे राहतो. म्हणजे तुला परत यायचं असेल तर दारात माझं तोंड बघावं लागणार नाही. किल्ली शिंपीणकाकूकडे आहे.

मी सध्या तिच्याच दुकानात बटणं लावतोय. काका आडवे, शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आलेलं. मला तिने बोलावलं नव्हतं. मी जाऊन बसलो. तिने सकाळभर माझ्याकडे बघितलं नाही, मग एक शर्ट तोंडावर फेकला आणि म्हणाली, "काजांसमोर सरळ येतील अशी लाव." आता तसंच चाललंय. ती सरळ बोलत नाही माझ्याशी, शर्टांशी बोलते आणि मी ऐकतो.

आज मात्र बोलली. मशिन थांबवून, सुई तोंडात धरून म्हणाली, "पुढच्या रविवारी त्यांना घरी आणू का? तब्येतीला रविवार चांगला ना?"

तिने मला विचारलं, ताई. एवढं सगळं होऊनसुद्धा. सवयीने विचारलं असेल.

मी म्हटलं, "डॉक्टरांना विचार, काकू. ते म्हणतील तो वार."

तिने सुई तोंडातून काढली आणि माझ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "तुझी ताईसुद्धा हेच म्हणाली असती."

आजवर मला कुणी तुझ्यासारखा म्हटलं नव्हतं. मी मान वर केली नाही. हातातलं बटण मी उलटं लावलं होतं, ते उसवत बसलो.

तुझा,
ठोंब्या